सर्वानुमते मंजूर

२ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झाले, मतमोजणी लांबली, २१ डिसेंबरला निकाल लागले आणि सभागृहांची कुलुपे निघाली. बऱ्याच गावांत आधीच्या सभागृहाची मुदत २०२१च्या अखेरीस किंवा २०२२च्या सुरुवातीलाच संपली होती. म्हणजे जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. आता हारतुरे झाले, गुलाल धुतला गेला, दालनांच्या दारांवर नव्या नावांच्या पाट्या लागल्या. पहिल्या सभाही पार पडल्या. नव्या सदस्यांचे निधीबद्दलचे, रस्त्यांबद्दलचे, पाण्याच्या वेळापत्रकाबद्दलचे मनसुबे आम्ही वाचतो आहोत आणि त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. या अंकात मात्र आम्हाला बोलायचे आहे ते सभेच्या कागदाबद्दल. विषय रुक्ष आहे, पण आमचा वाचक नगरपरिषदेत काम करतो. रुक्षपणाची त्याला सवय आहे.

नगरपरिषद ही संस्था बोलते ती ठरावातून. नगराध्यक्ष पत्रकारांशी बोलतात, मुख्याधिकारी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बोलतात, नगरसेवक कट्ट्यावर बोलतात. यांतले काहीही नगरपरिषदेचे म्हणणे नसते. १९६५च्या अधिनियमाने सर्वसाधारण सभेला जे अधिकार दिले आहेत, ते सभेने ठराव करूनच वापरायचे आणि ठरावाचा पुरावा म्हणजे इतिवृत्त. सभेत तीन तास काय गदारोळ झाला, कोणी टेबलावर मूठ आपटली, कोण बाहेर निघून गेला, हे चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही. उरतात त्या इतिवृत्तातल्या चार ओळी. आणि आपल्याकडे त्या चार ओळी सगळीकडे सारख्याच असतात: सदर विषयावर सभेत सविस्तर चर्चा झाली, चर्चेअंती सदर विषयास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. खाली सूचक, अनुमोदक. संपले.

एक ठराव जवळून पाहू. गाव कोणतेही धरा, विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे: आठवडे बाजारातल्या बैठ्या विक्रेत्यांकडून शुल्क वसूल करण्याचा ठेका. मुदत ३१ मार्चला संपते. लिलाव किंवा निविदा काढायची तर टिपणी जानेवारीत हलायला हवी. ती हलत नाही, कारण कर विभाग त्या दिवसांत घरपट्टीच्या वसुलीत बुडालेला असतो. मार्चची सभा होते आणि शेवटच्या पानावर एक विषय येतो, 'बाजार फी वसुली ठेक्यास मुदतवाढ देणेबाबत'. ठराव होतो की, नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सध्याच्या ठेकेदारास आवश्यक ती मुदतवाढ देण्यास ही सभा मंजुरी देत आहे. 'आवश्यक ती' म्हणजे किती दिवस? त्या काळात ठेकेदाराने नगरपरिषदेत भरायची रक्कम जुन्याच दराने की वाढवून? अनामत रक्कम तीच राहील का? प्रक्रिया पूर्ण कोणी आणि कधीपर्यंत करायची? ठरावात यांतले काहीही नाही. पुढे दिवाळी येते, ठेकेदार जुन्याच दरावर वसुली करतो आहे, दुसरा इच्छुक तक्रार घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक आले की फरकाच्या रकमेवर आक्षेप काढते. त्या आक्षेपाला उत्तर देण्याची वेळ येते ती सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या कर निरीक्षकावर. तो जुनी फाईल उघडतो, तर आत तीच ओळ: आवश्यक ती मुदतवाढ.

हाच ठराव असा लिहिता आला असता: ठेक्याची मुदत अमुक तारखेस संपत आहे, नवीन निविदा काढण्यास उशीर का झाला याचे कारण टिपणीत नमूद आहे, सध्याच्या ठेकेदारास ३० जूनपर्यंत, चालू दरावर इतके टक्के वाढ देऊन, अनामत कायम ठेवून मुदतवाढ द्यावी, निविदा सूचना ३० एप्रिलपूर्वी प्रसिद्ध करावी, कार्यवाही कर विभाग. लिहायला पाच मिनिटे जास्त लागली असती. सभेतला वाद कदाचित अर्धा तास वाढला असता, कारण 'इतके टक्के' म्हटले की सदस्य जागे होतात. अनेकदा ठराव मोघम राहतो तो नेमका त्यासाठीच. हे कोणी कबूल करणार नाही, पण सभागृहात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

प्रशासकाच्या काळाने ही खोड घालवली नाही, उलट मुरवली. पुष्कळ गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. विषय ठेवणारे तेच, मंजूर करणारे तेच. प्रश्न विचारायला समोर कोणी नसल्यामुळे टिपणी आखडत गेली आणि ठराव म्हणजे टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदाची नक्कल झाली. कामे वेगाने झाली हे खरे. अनेक अधिकाऱ्यांना तो काळ सुखाचा वाटला हेही खरे. पण त्या चार वर्षांत आलेले लिपिक आणि अभियंते सभेसाठी टिपणी कशी तयार करतात हे न शिकताच स्थिरावले. आता त्यांच्यासमोर असे सदस्य बसले आहेत की ज्यांतले कित्येक पहिल्यांदाच निवडून आलेत. विषयपत्रिका हातात पडल्यावर त्यांना कळत नाही की 'अवलोकनार्थ' ठेवलेल्या विषयावर प्रश्न विचारता येतो की नाही. येतो. जरूर विचारावा.

विषयपत्रिकेचा शेवटचा विषय तर सगळ्यांत गमतीचा: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी, विषयांसह, असे कायदा सांगतो. त्यामागचा विचार साधा आहे. सदस्याने विषय वाचावा, जागेवर जाऊन यावे, चार माणसांना विचारावे आणि मग मत द्यावे. ऐनवेळच्या दारातून अभिनंदनाचा ठराव यावा, दुखवट्याचा यावा, काल रात्री फुटलेल्या जलवाहिनीचा यावा. प्रत्यक्षात त्या दारातून भूखंडाचे भाडेपट्टे येतात, वाढीव दराच्या निविदा येतात, आरक्षणे बदलण्याच्या शिफारशी येतात. कधी कधी तर सभा संपल्यावर येतात. पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची प्रत हातात पडते आणि सदस्य एकमेकांना फोन करतात, की हा ऐनवेळचा सतरा नंबरचा विषय कधी झाला? ही तक्रार कोकणात आहे, मराठवाड्यात आहे, विदर्भात आहे. एखाद्या पक्षाची मक्तेदारी नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. सभा उठण्यापूर्वी ऐनवेळच्या विषयांची यादी अध्यक्षांनी मोठ्याने वाचावी आणि 'इथे ऐनवेळचे विषय संपले' अशी ओळ त्याच वेळी लिहून तिच्याखाली सही करावी. इतिवृत्त सुट्या कागदांवर छापून नंतर शिवण्याऐवजी पृष्ठांकित, बांधीव वहीत असावे. छापील कागद चिकटवायचाच असेल तर सही अर्धी कागदावर आणि अर्धी वहीच्या पानावर यावी. तलाठ्याच्या आणि न्यायालयाच्या दप्तरात ही काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते, मग आपल्याकडेच ती का सुटावी हे आम्हाला आजवर उमगलेले नाही. सभेचे चित्रीकरण होते तिथेही ते इतिवृत्ताला पर्याय नाही. तीन तासांच्या चित्रफितीतून ठराव शोधायला कोणी बसत नाही.

या वेळी याची निकड जास्त आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आले आहेत आणि बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष एका बाजूचे, बहुमत दुसऱ्या बाजूचे. २०१६ला थेट निवड आली, २०२०ला गेली, २०२२ला पुन्हा आली. सत्ता बदलली की नगराध्यक्ष निवडण्याची रीत बदलते, त्यावर आम्ही मागे पुष्कळ शाई खर्च केली आहे. आता मुद्दा इतकाच, की असा दुभंग असलेल्या गावात प्रत्येक सभेनंतर कलम ३०८खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जाणार. ठराव बेकायदेशीर आहे, लोकहिताविरुद्ध आहे, अंमलबजावणी थांबवा. सुनावणीत पहिली मागणी होते ती नोटिशीची पोच, टिपणी आणि इतिवृत्त यांची. कोण काय म्हणाले याला तिथे किंमत नाही. ठरावाला विरोध करणाऱ्या सदस्याने आपला विरोध कारणासह नावानिशी नोंदवून घेतला नसेल, तर कागदावर तोही 'सर्वानुमते'मध्ये सामील असतो. विरोधी बाकावरच्या सदस्यांना आमचे सांगणे आहे: सभात्याग करून छायाचित्र छापून येते, पण ठरावाच्या खाली आपले नाव विरोधात लागत नाही. बसून राहा, मतदान मागा, नावे नोंदवायला लावा.

नगरपालिकेच्या ठरावाचे वजन किती असू शकते हे महाराष्ट्राला महाडने दाखवले. ऑगस्ट १९२३मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. त्यानंतर काही झाले नाही. ठराव वहीत राहिला, पाणी होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी स्वतःच मंजूर केलेल्या गोष्टीची अंमलबजावणी करत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. सामाजिक इतिहास म्हणून हे आपण शाळेत वाचतो. नगरपरिषदेच्या टेबलावरून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या ठरावाची अंमलबजावणी कोणी, कधी आणि कशी करायची, याची काळजी पालिकेत कोणी घेतली नाही. अंमलबजावणीविना पडून राहिलेल्या ठरावांची यादी आज कोणत्याही नगरपरिषदेत काढली, तर ती वहीभर होईल. प्रत्येक सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय असतो आणि तो अर्ध्या मिनिटात उरकतो. खरे तर त्यालाच जोडून मागील सभेच्या ठरावांवर काय कार्यवाही झाली याचा तक्ता ठेवला जावा. काही मुख्याधिकारी तो ठेवतात. त्यांच्या सभा लांबतात, आणि लांबाव्यात.

जाता जाता एक कटू गोष्ट. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होऊन आता दीड दशक होत आले. तरीही विषयपत्रिकेचे पाकीट नगरसेविकेच्या पतीच्या दुकानावर पोचवणारा शिपाई आणि ते चालवून घेणारे कार्यालय आजही सापडते. नोटीस सदस्याला बजावायची असते, सदस्याच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला नव्हे. पोचेवर सही कोणाची आहे हे एकदा आपल्याच फाईलमध्ये पाहावे. समितीच्या बैठकीत पतिराज खुर्ची ओढून बसले, तर त्यांना चहा देण्याऐवजी बाहेरचा बाक दाखवण्याचे काम मुख्याधिकाऱ्यांचे आहे. पहिल्याच बैठकीत दाखवला तर पुढची पाच वर्षे सोपी जातात.

आणि आता सभा लिपिकाबद्दल. बहुतेक लहान नगरपरिषदांत या नावाचे वेगळे टेबल नाही. आस्थापना पाहणाऱ्या किंवा जन्म-मृत्यू नोंदणीच्या लिपिकाकडे ते 'अतिरिक्त' असते. सभेच्या दिवशी त्याने सदस्यांना पाणी मिळाले का ते पाहायचे, ध्वनिक्षेपक बंद पडला की इलेक्ट्रिशियनला बोलवायचे, उपस्थितीच्या वहीवर सह्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात कोण सूचक, कोण अनुमोदक हे टिपायचे. संध्याकाळी अध्यक्षांच्या दालनातून निरोप येतो, की इतिवृत्त घाईने करू नका, आधी दाखवा. मग आठवडाभर त्या कच्च्या टिपणांवर दोन्हीकडून दाब. माहिती अधिकाराचा कायदा २००५पासून आहे आणि सभेचे इतिवृत्त लोकांना पाहता येते की नाही हे जाहीर करणे त्याच्या कलम ४नुसार बंधनकारक आहे. पण इतिवृत्त वेळेत लिहूनच झाले नाही तर पाहायचे काय? संकेतस्थळावर बऱ्याच नगरपरिषदांचे शेवटचे इतिवृत्त दोन-तीन वर्षांपूर्वीचे दिसते.

आमची मागणी छोटी आहे आणि तिला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. सभेच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस सभा लिपिकाला दुसरे कोणतेही काम देऊ नये. सभागृहात त्याची खुर्ची दाराशी नव्हे, मुख्याधिकाऱ्यांच्या शेजारी असावी. ठराव मांडला गेला की अध्यक्षांनी थांबून तो त्याला मोठ्याने वाचायला लावावा, दुरुस्ती तिथेच व्हावी आणि मगच पुढचा विषय घ्यावा. पहिल्या दोन सभांत सदस्य कुरकुरतील, घड्याळाकडे पाहतील. तिसऱ्या सभेपासून एखादा सदस्य स्वतःच म्हणेल, की थांबा, ते 'आवश्यक ती' काढा आणि तारीख लिहा.