मर्जीचे स्वातंत्र्य नको, हक्काचे हवे

मृगाच्या सरींबरोबर माजलगावच्या मोंढ्यात बी-बियाण्यांची लगबग सुरू होते. धरणाच्या कालव्याखाली ऊस ठेवावा की कोरडवाहू रानात कापूस, तूर, सोयाबीन पेरावे, याचा हिशेब शेतकरी याच दिवसांत मांडतो. त्या हिशेबात पाऊस असतो, कर्ज असते, मजुरी असते. परंतु पीक हाती येईपर्यंत केंद्र सरकार कोणत्या मालाच्या साठ्यावर मर्यादा घालील आणि कारखान्याला कशाची मनाई करील, हे सांगणारे पंचांग अद्याप निघालेले नाही. याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे श्री. अमर हबीब यांच्या पुढाकाराने चालणारे किसानपुत्र आंदोलन 18 जून हा 'शेतकरी पारतंत्र्य दिवस' म्हणून पाळते. ही केवळ तऱ्हेवाईक कल्पना आहे असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही.

18 जून 1951 रोजी पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. घटना लागू होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते आणि प्रौढ मतदानाने निवडून यावयाची पहिली लोकसभा अजून जन्माला यावयाची होती. या दुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण केले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असला, तरी त्या कारणाने तो रद्द होणार नाही, अशी तजवीज झाली. आरंभीच्या तेरा कायद्यांत निजामी मुलखातील जहागिरी नष्ट करणारा कायदाही होता. बीड जिल्हा त्याच मुलखात होता. जहागिरदारांच्या जाचातून येथील रयत सुटली हे इष्टच झाले. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु जहागिरदाराला हटवण्यासाठी जे कुलूप घडवले, त्याच कुलपात पुढे सामान्य शेतकऱ्याचे हक्क बंद झाले, हे कसे नाकारावे? तेरा कायद्यांचे ते परिशिष्ट आज दोनशे चौऱ्याऐंशींवर गेले आहे.

आवश्यक वस्तू कायद्याचेच उदाहरण घ्या. घटनेने शेती आणि बाजार हे विषय राज्यांच्या सूचीत ठेवले. परंतु 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील तेहतिसावी नोंद रुंद करून अन्नधान्य, वैरण व कच्चा कापूस यांच्या व्यापारावर आणि उत्पादनावरही केंद्राला अधिकार दिला. त्या आधारावर 1955 चा आवश्यक वस्तू कायदा उभा राहिला आणि आणीबाणीत, 1976 साली, तो नवव्या परिशिष्टात सुरक्षित जाऊन बसला. टंचाईच्या काळातील तरतूद अशी कायमची राजनीती होऊन बसली.

तिचा अनुभव जुना नाही. जून 2023 मध्ये तुरीच्या साठ्यावर मर्यादा आली. त्याच वर्षी 7 डिसेंबर रोजी, गाळप हंगाम भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्राने मनाई केली आणि आठवडाभरात तीच मनाई शिथिल केली. ज्या राज्यात ऊस उभा होता, त्या राज्याच्या विधिमंडळाला या बाबतीत काय विचारले गेले?

याउलट 2020 साली केंद्राने साठ्यावरील बंधने सैल करणारा कायदा केला, तेव्हा खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या शेतकरी चळवळींना आनंद झाला. तो आनंद अल्पायुषी ठरला. वटहुकुमाने आलेले ते स्वातंत्र्य जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाच्या स्थगितीत अडकले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेने ते परत घेतले. ते कायदे चांगले की वाईट हा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छित नाही. धडा वेगळा आहे. दिल्लीने देऊ केलेले दिल्ली काढूनही घेते. मर्जीने मिळालेली मोकळीक म्हणजे हक्क नव्हे.

हा रोग केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत उर्वरित अधिकार घटनेनेच राज्यांना राखून दिलेले आहेत. तरीही ओहायो राज्यातील फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात, घरच्या वापरापुरता म्हणून पेरलेला जादा गहूसुद्धा आंतरराज्य व्यापाराच्या कक्षेत येतो, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1942 साली दिला. 'व्यापार' हा एकच शब्द ताणत नेला की तो शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो. मग आपल्याकडे, जेथे उर्वरित अधिकारही केंद्राचेच आहेत, तेथे किती दक्षता हवी!

शहरातील सुशिक्षित वाचक म्हणेल, डाळ स्वस्त मिळते आहे, मग आमची तक्रार काय? ही सोय फार महाग पडणारी आहे. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तो केवळ नांगरधाऱ्यांचा नव्हे. कर्ज काढून सदनिका घेणाऱ्या कारकुनाचाही वगळला. शेजाऱ्याचे कुंपण मोडताना जो गप्प बसतो, त्याने आपल्या कुंपणाचा भरवसा धरू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2007 साली एक दार किलकिले केले आहे. 24 एप्रिल 1973 नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर घासून पाहता येतील, असा तो निर्णय आहे. आवश्यक वस्तू कायदा 1976 सालचा पाहुणा असल्यामुळे त्याला ही कसोटी चुकवता येणार नाही. मात्र राज्याचा 1961 चा कमाल शेतजमीन धारणा कायदा 1964 सालीच आत गेलेला असल्यामुळे त्याला ती लागू पडत नाही. जमीनधारणेच्या मर्यादेविषयी किसानपुत्रांशी मतभेद असणारे पुष्कळ असतील. परंतु कायदा न्यायासनापुढे उभा राहिला पाहिजे, या मागणीशी मतभेद कोणत्या लोकशाहीवाद्याला असू शकतो?

आमचे मागणे मर्यादित आहे. आवश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टातून बाहेर काढावा. शेतमालावर बंधन घालणारा प्रत्येक हुकूम मुदतीचा असावा आणि राज्यांशी विचारविनिमय केल्यावाचून तो निघू नये. अधिकाराला मर्यादा घालणे म्हणजे सरकार दुबळे करणे नव्हे. घटना लिहिली गेली ती मुळी त्यासाठीच. येत्या मृगात माजलगावचा शेतकरी जेव्हा पेरणीचा हिशेब मांडील, तेव्हा त्यात आभाळाची अनिश्चितता असणारच. राज्यकर्त्यांच्या लहरीची भर तरी तीत पडू नये.