जुगाड म्हणू नका

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने माझ्या भाच्याचा विषय काढला. "तुमचा भाचा गाड्यांचं जुगाड करतो म्हणे?" त्याने विचारलं ते कौतुकानेच. पण तो 'जुगाड' शब्द मला लागला. घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. आयुष्यात पाना-पकड हातात धरली ती नळ गळायला लागला तेव्हाच. त्यामुळे भाच्याने चांगल्या चालत्या पिकअपचा पुढचा सगळा सांगाडा कापून काढला, तेव्हा बहीण जे तोंडाने बोलली तेच मी मनात बोललो. "दादा, तूच सांग बाबा त्याला काहीतरी," ती म्हणाली. मी सांगायला म्हणून गॅरेजात गेलो आणि पुढे दर रविवारी जाऊन बसू लागलो.

त्याला पुढे अखंड एक्सल बसवायचा होता. आजच्या बहुतेक पिकअपना पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी असतात. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याची फारशी खबर नसते. डांबरी रस्त्यावर हे सुखाचं. जुन्या जीपना, जिप्सीला, आपल्या मालवाहू ट्रकना मात्र पुढे एकच दांडा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. तो जड, धक्के देणारा. पण दगडधोंड्यात त्याची गंमत कळते. एक चाक दगडावर चढलं की दांडा तराजूसारखा कलतो आणि दुसरं चाक खाली दाबलं जातं. जमीन सहसा सुटत नाही. शिवाय चाक उचललं की मधला डिफरन्शियलचा गोळाही बरोबर उचलला जातो. सुट्या चाकांच्या गाडीत हा गोळा चॅसीला बांधलेला, त्यामुळे गाडी दबली की तो दगडाला टेकायला बघतो.

म्हणजे ही जुनाट खुळं नव्हेत. टोयोटाचा अमेरिकेतला फोर-व्हील पिकअप १९७९ पासून १९८५ पर्यंत अखंड एक्सलचाच होता. १९८६ च्या मॉडेलला पुढची चाकं सुटी झाली आणि तिथल्या रानावनात फिरणाऱ्यांनी कंपनीने काढलेला दांडा घरच्या घरी परत घालायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१० ची थार पुढे सुट्या चाकांची आली, तिच्याखालीही हौशी लोक दांडा घालतात. आणि २०२३ मध्ये इथे विक्रीला आलेली जिम्नी कंपनीतूनच पुढेमागे अखंड एक्सल घेऊन आली.

आता 'जुगाड'कडे येतो. जुगाड म्हणजे मिळेल ते मिळेल तिथे बांधून वेळ मारून नेणं. मी पाहिलं ते याच्या बरोबर उलट होतं. लष्करी लिलावातून भंगारात आलेला एक एक्सल मिळाला. तो बसवण्याआधी निदान महिनाभर नुसतं मोजणं चाललं होतं. डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे, ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट त्याच बाजूने येतो का? आत दातांचं प्रमाण किती? मागच्या एक्सलचं ४.१ आणि पुढच्याचं ४.८८ असं चालत नाही. चारही चाकं जोडली की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि मधलं काहीतरी तुटतं. त्यात २९ इंची टायर काढून ३५ इंची घालायचे, म्हणजे ४.१ चं प्रमाण मुळातच ४.९ च्या आसपास न्यायला हवं. शेवटी दोन्हीकडचे दात बदलले.

मग दांडा धरून कशाने ठेवायचा? जुन्या जीपमध्ये पाटे दोन्ही कामं करतात, वजन पेलतात आणि एक्सलला जागेवर धरतात. भाच्याला स्प्रिंग हवी होती. स्प्रिंग वजन पेलते, पण धरून काहीच ठेवत नाही. त्यासाठी खाली दोन दांड्या, वर एक, आणि एक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी दांडी, तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. प्रत्येक दांडीची लांबी, तिचा कोन, तिचं टोक कुठे बसणार, सगळं कागदावर. सगळे ब्रॅकेट आधी फक्त टॅक मारून ठेवलेले. मग स्प्रिंगा काढून, एक्सल नुसता दांड्यांवर ठेवून, एका बाजूला जॅक लावायचा आणि हळूहळू वर घ्यायचा. टायर मडगार्डला लागतो का? शाफ्ट कुठे घासतो का? ब्रेकचा पाइप ताणला जातो का? मग तेच दुसऱ्या बाजूने, मग स्टीअरिंग पूर्ण वळवून पुन्हा पहिल्यापासून. एका रविवारी मी मोजलं, जॅक एकवीस वेळा वरखाली झाला आणि वेल्डिंग एकदाही पेटलं नाही.

इतकं करूनही चूक झालीच. गाडी पहिल्यांदा माळावर फिरवली. एका उंचवट्यावरून जाताना भाच्याने स्टीअरिंग सरळ धरलं होतं, तरी गाडी आपणहून डावीकडे वळली. मी बाजूला बसलो होतो. वेग जेमतेम वीसचा होता, समोर फक्त काजूचं झाड होतं, म्हणून आज हे हसत लिहितो आहे. हेच साठच्या वेगाने, समोरून बस येत असताना झालं असतं तर?

कारण मेस्तने दहा मिनिटांत दाखवलं. स्टीअरिंगची आडवी दांडी आणि पॅनहार्ड रॉड या दोघी समांतर हव्यात आणि लांबीने जवळपास सारख्या. एक्सल वर उचलला जातो तेव्हा दोघी आपापल्या वर्तुळात फिरतात. वर्तुळं जुळली नाहीत तर एक दुसरीला ओढते आणि चाकं वळतात, चालकाने काही न करता. आमची पॅनहार्ड दांडी जागेअभावी आखूड झाली होती. मेस्तने ग्राइंडर घेतला आणि पंधरा दिवसांचं काम कापून खाली टाकलं. भाच्याचं तोंड उतरलं. मेस्त म्हणाला, "बाब, लोखंड परत मिळता."

या मेस्तबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. हा माणूस आमच्या खाणपट्ट्यातला. आयुष्य खनिजाच्या टिपर ट्रकांखाली गेलं. पाटे उतरवणं, एक्सल सरळ करणं, तडकलेली चॅसी जोडणं, हे त्याचं शिक्षण. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहून गंजले त्याच्या बातम्या झाल्या, चर्चा झाल्या. त्या ट्रकांखाली झोपून काम करणाऱ्यांचं काय झालं, याची कोणी फारशी विचारपूस केली नाही. आता कुठे खाणी पुन्हा हलू लागल्या आहेत, पण या मेस्तच्या हाताखाली शिकणारं आज एकही पोर नाही. वेल्ड आत भिनलाय की नुसता वर बसलाय, हे तो आवाजावरून सांगतो. याला आपण जुगाडू म्हणणार?

आता कायद्याचं. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मी या कायद्याच्या विरोधात नाही. त्या माळावर बाजूच्या सीटवर मी बसलो होतो. भाच्याची गाडी रस्त्यावर येत नाही; स्पर्धेला जायचं तर ट्रकवर चढवून नेतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या चिखलात उतरायचं हे त्याचं स्वप्न.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियमाला एक दार हवं. सीएनजी किट बसवायला परवानगीची रीत आहे. अपंगांसाठी गाडीत बदल करायला आहे. तशीच याला का नसावी? जर्मनीत गाडीत असा बदल केला की तज्ज्ञाकडून तपासून तो कागदावर चढवता येतो. ऑस्ट्रेलियात अशा बदलांसाठी छापील नियमावली आहे आणि मोठ्या बदलाला मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो.

यावर उत्तर ठरलेलं, "आपल्याकडे शिक्का विकत मिळेल." मिळेलही. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढल्यावर मी नाही कशाला म्हणू? पण आज काय चाललंय ते बघा. कापाकापी केलेल्या गाड्या रस्त्यावर फिरतातच, चोरून फिरतात, आणि त्यांच्या पॅनहार्ड दांडीची लांबी कोणीच मोजलेली नसते. चांगला मेस्त आणि वाईट मेस्त कायद्याच्या लेखी एकच. मग चांगल्याने पंधरा दिवसांचं काम कापून का टाकावं? दाखल्याखाली एका माणसाचं नाव आणि सही असेल, तर निदान जाब विचारायला कोणी तरी असेल.

कारकुनी करताना एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्याला फॉर्ममध्ये रकाना नाही, ते सरकारला दिसत नाही. मेस्तच्या हातातली विद्या आज तशीच आहे. तिला रकाना मिळाला तर एखादं पोर तिथे शिकायला येईल, असं मला वाटतं.

असो. सहकाऱ्याला मी उद्या रविवारचं गॅरेजात बोलावणार आहे. जॅक त्याच्याच हातात देतो.