चार डिस्कांचा संसार

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीचा कारभार हिंदीतला, घरची बोली मराठी. अशा ठिकाणी आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, लग्नकार्याची छायाचित्रे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीची चित्रे, हाच पुढल्या पिढीचा वारसा ठरतो. पूर्वी तो लोखंडी पेटीत असे. आता तो संगणकाच्या डिस्कवर असतो.

ज्या छायाचित्रकाराचा वा हौशी गृहस्थाचा संग्रह वाढतो, तो चार डिस्क एकत्र जोडून लिनक्सवर चालणारी पेटी ठेवतो. या जोडणीला ‘रेड’ म्हणतात. बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ही कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, आणि एखादी बिघडली तरी काम अडू नये.

यामागील युक्ती हिशेबाच्या वहीसारखी आहे. तीन घरांत ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले व चौथ्यात त्यांची बेरीज २१ मांडली, तर ५ पुसला गेला तरी २१ मधून ७ आणि ९ वजा करून तो परत मिळतो. प्रत्यक्षातली बेरीज निराळ्या रीतीची असते आणि ती सर्व डिस्कांवर वाटलेली असते. तत्त्व मात्र हेच. दोन आकडे एकदम पुसले गेले, तर बेरजेचा इलाज चालत नाही. पाचव्या प्रकारची रेड एका डिस्कचा वियोग सोसते, सहाव्या प्रकारची दोहोंचा.

संकट येते ते येथेच. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या. वय एक, झीजही एक. पहिली बंद पडते, पण पेटी चालूच राहते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे नवी डिस्क बसवून पुनर्बांधणी सुरू करावी, तर उरलेल्या डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या श्रमातच दुसरी मान टाकते.

अशा वेळी घाई हाच मोठा शत्रू होय. पेटीवर काहीही लिहू नये. नव्याने रचना करण्याची आज्ञा देऊ नये, दुरुस्तीचा कार्यक्रमही चालवू नये; मोडक्या रचनेलाच खरी मानून तो उरलेलेही विस्कटून टाकील. पेटी बंद करावी आणि प्रत्येक डिस्कवर तिचा खण व सिरियल नंबर लिहून ठेवावा. एखादी डिस्क टकटक वाजत असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. ते काम धूळरहित खोली असलेल्या तज्ज्ञांचे.

बाकीच्या डिस्कांची आधी नक्कल करावी. लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम आहे. तो शाबूत भाग आधी उतरवून घेतो, रुसलेल्या जागांकडे मागाहून वळतो, आणि कोठवर आलो याची नोंद ठेवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालते. नक्कल जिच्यावर घ्यावयाची ती डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी.

पुढची जोडणी या नकलांवरच करावी. ‘एमडीअ‍ॅडम’ या कार्यक्रमाने प्रत्येक डिस्कची नोंद पाहता येते. तीत बदलांचा एक चढता आकडा असतो. ज्या डिस्कचा आकडा फार मागे राहिला, ती पूर्वीच बाहेर पडलेली. तिच्यावरचा मजकूर शिळा, म्हणून तिला वगळावे. ज्यांचे आकडे जवळजवळ सारखे, त्या डिस्क जोडाव्यात, संग्रह केवळ वाचण्यापुरता उघडावा, आणि सर्वांत मोलाचे आधी बाहेर काढावे. येथे चूक झाली तरी मूळ डिस्क सुरक्षित असतात. नकलेचा सारा उपयोग तोच.

तरीही एक गोष्ट आम्हांस आग्रहाने सांगावीशी वाटते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले चित्र चारही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते. वीज कोसळली किंवा चोरी झाली तर चारही एकदमच जातात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथाच्या प्रती ठिकठिकाणी होत्या, म्हणून ताडून पाहणे शक्य झाले. प्रतच नसती, तर शुद्ध करावयाचे काय?

तेव्हा संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात: एक पेटीत, एक कपाटातल्या सुट्या डिस्कवर, आणि एक गावाबाहेर, नागपूरच्या मामांकडे म्हणा किंवा भोपाळच्या आत्याबाईंकडे. दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांना कल्हई आहे की नाही हे पाहावे, तसे त्या प्रती उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही असून नसल्यासारखीच.