इशारा दिला, पण तो पोचला काय?

पावसाळ्यात मुंबईकरांच्या कानी दोन गोष्टी नित्य पडतात : एक वेधशाळेचा इशारा आणि दुसरी त्या इशाऱ्याची थट्टा. लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडले की या थट्टेस ऊत येतो. ती निरुपद्रवी आहे असे आम्हांस वाटत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट कशी संपते, हे शाळकरी पोरही जाणते.

२६ जुलै २००५ चा प्रलय या शहराच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, तो जेमतेम ७३ मिलिमीटर होता. शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर डॉप्लर रडार आले, जागोजागी पर्जन्यमापके बसली. यंत्रे सुधारली, परंतु यंत्रांनी जाणलेले सामान्य माणसास सांगण्याची भाषा तितकी सुधारली काय?

वेधशाळेच्या परिभाषेत पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे रंग नागरिकाने कसे वागावे याची सूचना देतात. लोक मात्र ‘लाल’ म्हणजे आपल्या दारात पाणी येणारच, असे समजतात. इशारा असतो साऱ्या जिल्ह्यास. ढग फुटतो एखाद्याच भागावर. पावसाची शक्यता पंचाहत्तर टक्के आहे असे सांगितले, तर तशा शंभर दिवसांपैकी पंचवीस दिवस कोरडे जाणारच. त्या कोरड्या दिवशी शास्त्र खोटे ठरत नाही. पण हे लोकांस कोणी समजावून सांगितले आहे?

अनिश्चितता उघड केल्यास लोकांचा विश्वास उडेल, अशी धास्ती काही अधिकाऱ्यांस वाटत असावी. आमचे मत नेमके उलट आहे. विश्वास उडतो तो संशय लपविल्याने. ‘अत्यंत मुसळधार’ म्हणजे २०४.५ मिलिमीटर वा अधिक, एवढे सांगून भागत नाही. पाऊस कोणत्या प्रहरी येईल, त्या वेळी भरती आहे काय, कोणत्या सखल वस्त्यांनी हलावे, मुलांस शाळेत धाडावे की नाही, हे सोप्या मराठीत सांगितले पाहिजे. अंदाज चुकला तर तो का चुकला, हेही दुसऱ्या दिवशी तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. वेधशाळा, महापालिका आणि रेल्वे यांनी हे एकमुखाने करावे. आणि ते जसेच्या तसे, भडक मथळ्यांवाचून, वाचकांपर्यंत पोचविणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्य होय.

सुशिक्षित नागरिकाचीही यात जबाबदारी आहे. आभाळ भरून आले म्हणून छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, तर आपण आभाळास लबाड म्हणत नाही. इतका समंजसपणा शास्त्रज्ञांच्या वाट्यास का येऊ नये? समजला नाही असा इशारा न दिल्यासारखाच होय; आणि समजूनही जो हसण्यावारी नेला, त्याचा दोष वेधशाळेच्या माथी मारता येणार नाही.