घोडबंदरच्या चढावर ट्रक का दमतो? जुन्या इंजिनाला व्हीजीटी बसवावा का?

गायमुख घाटातल्या कोंडीत हे दृश्य नेहमीचं आहे. चढावर थांबलेला ट्रक पुन्हा निघतो, इंजिन ओरडतं, काळा धूर सुटतो आणि जोर मात्र जरा उशिरा येतो. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे अनेक कंटेनर याच रस्त्याने फाउंटन हॉटेलजवळ अहमदाबाद महामार्गाला लागतात. म्हणूनच जुन्या ट्रकच्या मालकाला प्रश्न पडतो, व्हीजीटी बसवला तर पिकअप सुधारेल का?

व्हीजीटी म्हणजे काय?

टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा ढकलतो. कमी आरपीएमला धूर कमी असतो, म्हणून टर्बो सुस्त राहतो. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोमध्ये, म्हणजेच व्हीजीटीमध्ये, टर्बाइनच्या चाकाभोवती हलणारी पाती असतात. धूर कमी असताना पाती वाट अरुंद करतात, त्यामुळे धुराचा वेग वाढतो. पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच हे. आरपीएम वाढले की पाती उघडतात.

फरक खरंच पडतो?

कंपनीने तसं इंजिन बनवलं असेल तर पडतो. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. साध्या टर्बोसह ते ७५ पीएस ताकद द्यायचं, व्हीजीटीसह ९० पीएस. पण तिथे फक्त टर्बो बदललेला नव्हता, इंधनाचं सेटिंगही त्यानुसार होतं.

मग जुन्या ट्रकला का नको?

पाती कधी, किती हलवायची हे ईसीयू ठरवतो. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनात ईसीयूच नसतो. पाती चुकीच्या वेळी मिटलेली राहिली तर टर्बो मर्यादेबाहेर फिरतो, धूर अडतो आणि इंजिन तापतं. शिवाय नुसत्या हवेने ताकद वाढत नाही, डिझेलही वाढवावं लागतं. ते गणित चुकलं की आणखी काळा धूर.

दुसरी अडचण काजळीची. कोंडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत पात्यांवर काजळी साचते, ती अडकतात आणि पिकअप जातो. म्हणजे ज्या कोंडीसाठी व्हीजीटी हवा, तीच त्याला मारक ठरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ नुसार ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मग करायचं काय?

आधी स्वस्त गोष्टी तपासा. एअर फिल्टर, इंटरकूलरचे गळके होज, इंजेक्टर आणि टर्बोला जाणारं ऑइल. पिकअप जाण्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. व्हीजीटी हवाच असेल, तर तो कंपनीतूनच बसवून आलेली गाडी घेणं हा सरळ मार्ग. आणि घाटातली कोंडी? ती कोणताही टर्बो सोडवणार नाही.