रेंज फुल्ल, तरी पान उघडेना: अडतंय कुठं?

दिवाळीत धारूरला घरी गेलो होतो. चुलतभावाला एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. त्याच्याकडं तीन जीबी रॅमचा चार वर्षं जुना फोन. पान उघडायला घेतलं तर आधी नुसता पांढरा पडदा. मग वरचा रंगीत पट्टा आला, मग गोल फिरणारं चाक. शेवटी फॉर्म दिसला, पण ‘पुढे जा’ दाबलं तरी काहीच होईना. त्यानं चिडून चार-पाच वेळा दाबलं. थोड्या वेळानं ते सगळे टॅप एकदम लागू झाले आणि पान परत पहिल्यापासून सुरू.

‘दादा, रेंज नाही वाटतं,’ तो म्हणाला.

रेंज होती. त्याचा फोन माझ्याच हॉटस्पॉटवर होता. तेच पान मी माझ्या फोनवर उघडलं आणि ते झटकन आलं. नेट एकच, पान एकच, जागाही एकच. फरक फक्त फोनचा. त्या साइटचं नाव सांगत नाही, कारण अशी ती एकटीच नाही.

मग अडतंय कुठं?

पान उघडतं म्हणजे काय होतं?

वेबपेजमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. एचटीएमएल म्हणजे मजकूर आणि मांडणी, सीएसएस म्हणजे रंगरूप आणि जावास्क्रिप्ट म्हणजे पानाला हालचाल देणारा प्रोग्राम. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत लिहिली. तेव्हा तिचं काम छोटं होतं: फॉर्ममध्ये चूक असेल तर सांगणं, बटण हलवणं, असं.

आता बऱ्याच साइटवर चित्र उलटं झालंय. सर्व्हरवरून येतो तो जवळजवळ रिकामा सांगाडा. त्यासोबत जावास्क्रिप्टची मोठी फाइल येते. ती डाउनलोड झाल्यावर चालू होते, मग परत सर्व्हरकडून माहिती मागवते आणि मग कुठं पान तयार होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर तुम्ही भाकरी मागितली आणि समोरच्यानं ज्वारी, जातं आणि तवा पाठवून दिला. घरात दणकट हात असतील तर काम लवकर होतं. नसतील तर बसा दळत.

इथंच फोनची किंमत मध्ये येते. ५०० केबीचा फोटो आणि ५०० केबीची जावास्क्रिप्ट डाउनलोड व्हायला सारखाच वेळ लागतो. पण फोटो एकदा उलगडला की दाखवला, संपलं. जावास्क्रिप्ट मात्र प्रोसेसरला आधी वाचावी लागते, आपल्या भाषेत बदलून घ्यावी लागते आणि मग चालवावी लागते. हे बहुतेक काम ब्राउझरच्या एकाच मुख्य रांगेत होतं आणि तुमचा टॅपही त्याच रांगेत उभा असतो. पुढचं काम संपेपर्यंत त्याचा नंबर लागत नाही. चुलतभावाचे टॅप ‘हरवून’ नंतर एकदम उगवले ते यामुळे.

किती जड?

एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प जगभरातल्या लाखो साइट नियमित मोजतो. त्याच्या २०२४ च्या अहवालानुसार मोबाइलवरचं मधल्या वजनाचं होमपेज साधारण २.३ एमबी होतं आणि त्यात साडेपाचशे केबीच्या आसपास जावास्क्रिप्ट होती. हे दाबून पॅक केलेलं वजन झालं. फोनमध्ये उलगडल्यावर ते कितीतरी वाढतं. शिवाय यातला बराच कोड पान उघडताना वापरलाच जात नाही.

आता हिशोब करू. तुमचा मोबाइल डेटा सेकंदाला १ मेगाबिटनं चालतोय असं धरा. साडेपाचशे केबी उतरायला साडेचार सेकंद, २.३ एमबी उतरायला अठरा-एकोणीस सेकंद. यात प्रोसेसरचा वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून ‘५जी आलं की सगळं सुटेल’ हे अर्धंच खरं आहे. ५जी फाइल लवकर आणून देईल, पण ती चालवणारा प्रोसेसर तोच राहणार.

हा नुसता कंटाळ्याचा प्रश्न नाही

रील उघडायला उशीर झाला तर फार काही बिघडत नाही. फॉर्मचं तसं नसतं, त्याला तारीख असते.

२०२५ मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात लागू झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती, पण पोर्टल अडकलं आणि २६ मे पासून नव्यानं सुरुवात करावी लागली. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. ओटीपीच्या तांत्रिक अडचणी येत असल्याचं मंत्री आदिती तटकरे यांनीही सांगितलं होतं. दोन महिन्यांची मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

या दोन्ही ठिकाणी दोष जावास्क्रिप्टचा होता असं मी म्हणत नाही. एकाच वेळी लाखो लोक आल्यावर सर्व्हर कोसळणं आणि ओटीपी न येणं ही वेगळी दुखणी आहेत. पण एक मुद्दा यातून दिसतो. आता हक्काची गोष्ट मिळवायची वाट मोबाइलच्या पानातून जाते.

धारूर तालुक्यात याचा अर्थ काय होतो? बालाघाटच्या या डोंगराळ भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ई-केवायसीची मुदत नेमकी त्याच दिवसांत होती. तिथं आधी बाईच्या आधारचा ओटीपी लागतो, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. फडात, दिवसभराच्या कामानंतर, घरातल्या एकुलत्या साध्या फोनवर हे करायचं. अशा वेळी पान जड असलं तर ती दहा मिनिटं पानच खातं. मग पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर सेंटरवर पैसे मोजा आणि रोज बुडवा.

हलकं पान बनवता येतं का?

येतं, आणि मोठ्यांनी ते केलंय. नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये लॉगिनच्या आधीच्या होमपेजवरून ब्राउझरमध्ये चालणारी रिअ‍ॅक्ट काढली आणि ते काम सर्व्हरवरच ठेवलं. २०० केबीहून जास्त जावास्क्रिप्ट वाचली आणि पान वापरण्याजोगं व्हायचा वेळ निम्म्यावर आला. ब्रिटन सरकारच्या गव्ह डॉट युके साइटनं २०२२ मध्ये जेक्वेरी नावाची लायब्ररी काढली. वजन फक्त ३२ केबीनं कमी झालं, पण मंद नेट आणि साधे फोन असलेल्या लोकांना फरक जाणवण्याइतका होता. विकिपीडियावरचा लेख तर जावास्क्रिप्ट बंद ठेवूनही वाचता येतो.

फॉर्मला मुळात फार काही लागत नाही. रकाना रिकामा सोडला तर इशारा देणं, तारीख निवडणं, यादीतून पर्याय घेणं, माहिती उघडणं-मिटवणं हे सगळं आजचं साधं एचटीएमएल स्वतःच करतं. मराठी साइटसाठी अजून एक: जोडाक्षरांमुळे देवनागरीचा वेगळा फॉन्ट जड पडतो. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो, तोच वापरला तर डाउनलोड वाचतं.

जावास्क्रिप्ट वाईट आहे असं नाही. नकाशा, चॅट, व्हिडिओ एडिटर तिच्याशिवाय होणार नाहीत. पण नाव, पत्ता, आधार नंबर विचारणाऱ्या पानाला नकाशाएवढी यंत्रणा कशाला?

तुम्ही काय करू शकता?

पहिलं, फॉर्म भरताना बाकीची अ‍ॅप आणि टॅब बंद करा. बटण एकदाच दाबा आणि थांबा. ओटीपी मागायच्या आधी पान पूर्ण उघडलंय ना, ते बघा.

दुसरं, साइट मोजा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाका आणि ‘मोबाइल’चा निकाल बघा. त्यात आयएनपी हा आकडा असेल तर तो टॅपला पान किती वेळात प्रतिसाद देतं ते सांगतो. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या वर गेला की वाईट. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच न लिहिता हा निकाल, फोनचं मॉडेल आणि वेळ द्या. त्यावर काम करणं सोपं जातं.

तिसरं, तुमच्यातले बरेच जण वेब डेव्हलपमेंट शिकत असतील. रिअ‍ॅक्ट जरूर शिका, पण आधी तोच फॉर्म नुसत्या एचटीएमएलमध्ये बनवून बघा. आणि प्रोजेक्ट लॅपटॉपवर चाललं म्हणून झालं समजू नका. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, त्यावर उघडा.

चुलतभावाचा फॉर्म शेवटी भरला गेला. माझ्या फोनवरून. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून.