जून झाड वाढत नाही, हे कुणी मोजलं?

"देवराईतली झाडं जून झाली, आता ती वाढत नाहीत. तोडू आणि नवी लावू," असे ग्रामसभेत हमखास ऐकू येते. पण वाढ थांबली, हे कुणी मोजून पाहिलंय का?

वनशास्त्रज्ञ मोजून बोलतात. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली ५० हेक्टरचा तुकडा आखला. एक सेंटीमीटर जाडीपासून पुढच्या प्रत्येक झाडाला नंबर दिला. ठराविक वर्षांनी छातीच्या उंचीवर, त्याच जागी, बुंधा मोजतात. जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून २०१४ साली ४०३ जाती तपासल्या. बहुतेक जातींत झाड जितके मोठे, तितके ते वर्षाला जास्त लाकूड धरते, असे दिसले.

हिशेब सोपा आहे. तेवढ्याच जाडीचे वलय पाचपट घेराच्या बुंध्यावर चढले, तर लाकूडही पाचपट भरणारच.

तरण्या रानात झाडे दाट, म्हणून एकरी वाढ तिथे जास्त असू शकते, हे खरे. पण साठा जुन्या झाडांतच असतो. तो भरून यायला पिढ्या जातात.

म्हणून सरपंच, शेतकरी बंधूंनो, ठरावाआधी एवढं करा. दहा झाडांना साडेचार फुटांवर रंगाचा पट्टा मारा, टेपने घेर घ्या, वहीत लिहा. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा, कारण पावसाळ्यात बुंधा फुगतो. चार-पाच वर्षांत वहीच उत्तर देईल. तोवर कुऱ्हाड घरीच राहू द्या.